घरच्या शुश्रूषेचा ताण: आधार देणारे कार्यक्रम नेमकं काय करतात

घरातलं दुखणं सगळ्या घराचं असतं, असं आपण म्हणतो. पण आजारपण लांबलं की ते हळूहळू एकाच माणसाच्या अंगावर येतं. कुणी बसून तसं ठरवलेलं नसतं. जो जवळ राहतो, किंवा जिला 'मला जमणार नाही' म्हणणं जड जातं, ती व्यक्ती आधी दवाखान्याच्या फेऱ्या मारते. मग औषधांच्या वेळा तिच्याच डोक्यात राहतात आणि पुढे रात्रीचं उठणंही तिच्याकडेच येतं. दोन-तीन वर्षांनी पाहावं तर बाकीचे सगळे 'काही लागलं तर सांग' म्हणणारे झालेले असतात, आणि नेमकं काय लागतंय हे सांगायचंही त्राण तिच्यात उरलेलं नसतं.

अशा माणसांना हात देण्यासाठी जगभर कार्यक्रम चालतात. कुठे आधारगट, कुठे घरी येऊन शिकवणारे कार्यकर्ते, कुठे रुग्णाला दिवसभर सांभाळणारी केंद्रं, कुठे नुसता फोन. यातलं काही मनापासून उपयोगी पडतं, काही फारसं पडत नाही. हा फरक का पडतो ते कळलं, तर आपल्यासाठी काय मागायचं तेही कळतं.

ताण येतो कुठून

१९८० साली संशोधक स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्या २९ जणांची पाहणी केली. रुग्णाचं वागणं जितकं अवघड तितका घरच्यांवरचा भार जास्त, असं कुणालाही वाटेल. तसं निघालं नाही. भाराचा संबंध सापडला तो वेगळ्याच गोष्टीशी: मुलं, नातवंडं, भावंडं त्या रुग्णाला भेटायला किती वेळा येतात याच्याशी. जिथे माणसांचं येणंजाणं होतं, तिथे तोच आजार कमी जड वाटत होता. पाहणी लहान होती, आणि रुग्णाच्या वागण्याचाही ताण चांगलाच येतो हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. तरीही आजाराइतकंच एकटेपण माणसाला थकवतं, ही गोष्ट तेव्हा मोजून पुढे आली. त्या कामातून तयार झालेली २२ प्रश्नांची प्रश्नावली आज अनेक देशांत वापरतात. 'नातेवाइकाला सांभाळताना स्वतःसाठी वेळच उरत नाही असं वाटतं का?' अशा धाटणीचे प्रश्न, आणि उत्तरं 'कधीच नाही' पासून 'जवळजवळ नेहमी' पर्यंत.

पुढे १९९० मध्ये समाजशास्त्रज्ञ लेनर्ड पर्लिन यांनी या ताणाची एक मांडणी केली, ती मला आजही सर्वांत कामाची वाटते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एक ताण थेट शुश्रूषेचा: उचलणं, धुणं, जागरण, तेच तेच प्रश्न. दुसरा त्यातून पसरत जाणारा: नोकरीत ओढाताण, पैशांची तंगी, भावंडांत वितुष्ट, आणि 'या कामापलीकडे मी कोण आहे' हेच विसरायला होणं. पुष्कळदा पहिला ताण माणूस रेटून नेतो आणि मोडतो तो दुसऱ्यापाशी. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची तीन वर्षं न कुरकुरता सेवा करणारा मुलगा भावाच्या 'तू घरीच तर असतोस' या एका वाक्याने कोसळतो, तो यामुळेच.

हा ताण मनातच राहत नाही. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाचा एक प्रयोग छापून आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या १३ स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर, कोपराच्या खाली, साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली आणि ती कधी भरते ते पाहिलं. जबाबदारी नसलेल्यांची जखम सरासरी सुमारे ३९ दिवसांत भरली, सांभाळणाऱ्यांची सुमारे ४९ दिवसांत.

१९९९ साली रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी याहून गंभीर गोष्ट दाखवली. वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांत ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पण शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका ठळकपणे दिसला नाही. २०१३ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तर शुश्रूषा करणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण एकंदरीत कमीच आढळलं. म्हणजे आपल्या माणसाची सेवा करणं हे मुळात घातक नाही. ती कशा परिस्थितीत करावी लागते यावर सगळं अवलंबून आहे, आणि परिस्थिती बदलता येते. 'मन खंबीर ठेवा' असं सांगून मोकळं होणाऱ्यांबद्दल मला राग आहे तो यासाठी. ज्याची रात्री चार वेळा झोपमोड होते, त्याच्या मनाचा खंबीरपणा वाढवून झोप भरून निघत नाही.

कौशल्य शिकवणारे कार्यक्रम

आता उपयोगी पडणाऱ्या कार्यक्रमांकडे येऊ. यातला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो शिकवणाऱ्या कार्यक्रमांचा. शिकवणं म्हणजे आजाराची माहितीपत्रकं वाटणं नव्हे. त्या घरातला, त्या आठवड्यातला प्रश्न घेऊन तो सोडवायला शिकवणं.

समजा, एका घरात स्मृतिभ्रंश झालेली आई रोज संध्याकाळी दाराशी जाऊन म्हणते, 'मला घरी जायचंय.' मुलगी सांगते, 'अगं आई, हेच आपलं घर आहे.' आई चिडते, कडी काढू पाहते, मुलगी तिचा हात धरते, आई ओरडते. रोज हेच. कार्यक्रमातली समुपदेशक मुलीला आठवडाभर तीन गोष्टी लिहून ठेवायला सांगते: त्याआधी काय चाललं होतं, आई नेमकं काय करते, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. वही भरल्यावर दिसतं, की हे बहुतेक वेळा दिवे लावण्याच्या थोडं आधी, घरात अंधारून आल्यावर सुरू होतं. त्याच वेळी मुलगी स्वयंपाकात असते, म्हणजे आई एकटी बसलेली असते. आणि 'हेच घर आहे' या उत्तराने एकदाही आई शांत झालेली नाही.

मग बदल ठरतात. अंधार पडायच्या आत दिवे लावायचे. त्या वेळी आईला हाताला काही काम द्यायचं, कपड्यांच्या घड्या घालण्यासारखं, आणि तिला आपल्याजवळ बसवायचं. वाद घालायचा नाही. 'घरची आठवण येते का? कोण कोण असायचं घरी?' असं विचारायचं, कारण आई जे मागते आहे ते बहुधा पत्त्यावरचं घर नसतं, सुरक्षित वाटणं असतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा वही पाहायची. काही चाललं, काही चाललं नाही, त्याप्रमाणे फेरफार करायचे. आजार तसाच असतो, पण संध्याकाळची झटापट आठवड्यात सात वेळांवरून दोनवर आली तरी त्या मुलीचं जगणं बदलतं. शिवाय 'मला काहीच जमत नाही' ही भावना ओसरते, आणि माझ्या मते ही कमाई त्याहून मोठी असते.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'रीच-टू' या ६४२ कुटुंबांच्या अभ्यासात याच पद्धतीचं काम झालं. सहा महिन्यांत १२ भेटी, त्यातल्या नऊ घरी आणि तीन फोनवर, शिवाय फोनवरच भरणारे आधारगट. ज्यांना हा कार्यक्रम मिळाला त्यांच्यात शेवटी नैराश्याचं प्रमाण १२.६ टक्के होतं, न मिळालेल्यांत २२.७ टक्के. लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांच्या 'स्टार्ट' या आठ भेटींच्या कार्यक्रमातही असंच काहीसं शिकवलं गेलं: अवघड वागणं कसं हाताळायचं, स्वतःच्या मनातल्या टोचणाऱ्या विचारांचं काय करायचं, मदत कशी मागायची, पुढची तजवीज कशी करायची, आणि दर भेटीच्या शेवटी शरीर सैल सोडण्याचा एक सराव. त्याचा परिणाम सहा वर्षांनीही टिकलेला दिसला. भेटी घेणारे कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते. मानसशास्त्राचे तरुण पदवीधर होते, त्यांना नीट प्रशिक्षण दिलं होतं आणि मागे अनुभवी व्यक्तीची देखरेख होती. गोव्यात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ८१ कुटुंबांच्या अभ्यासात तर बारावी झालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन हेच काम केलं आणि सहा महिन्यांत घरच्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. डॉक्टरांची संख्या कमी म्हणून असे कार्यक्रम चालवता येत नाहीत, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

बाकीच्या घराला एकत्र बसवणं

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी १९८७ पासून अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा एक आजार) झालेल्यांच्या जोडीदारांसाठी एक कार्यक्रम चालवला. त्याची रचना मला फार शहाणी वाटते. सहा समुपदेशन भेटी, पण त्यातल्या दोनच एकट्या काळजीवाहकाबरोबर. उरलेल्या चार मुलं, भावंडं अशा घरच्या मंडळींना बरोबर घेऊन. रुग्ण त्यात नसतो. त्यानंतर आधारगट, आणि गरज पडेल तेव्हा समुपदेशकाला फोन करण्याची मुभा, तीही मुदतीशिवाय.

चार भेटी घरच्यांसाठी का? तिसऱ्या माणसासमोर बोलणं वेगळं होतं म्हणून. घरात 'तुम्ही कुणी काही करत नाही' असं म्हटलं की भांडण पेटतं. समुपदेशकासमोर प्रश्न असा येतो: आठवड्यात कुठली कामं आहेत, त्यातलं कोणतं दूर राहणाऱ्याला करता येईल? विम्याची कागदपत्रं, औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं हे दुसऱ्या गावाहून होतं. महिन्यातून दोन शनिवार-रविवार येऊन राहणंही होतं. जो येऊच शकत नाही त्याने पैशाचा वाटा उचलायचा. हे कागदावर आलं की उपकाराची भाषा थांबते.

४०६ जोडप्यांच्या या अभ्यासात, कार्यक्रम मिळालेल्या कुटुंबांत रुग्णाला शुश्रूषागृहात, म्हणजे कायम ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेत, हलवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. दीड वर्ष. औषध तेच, आजार तोच. फरक पडला तो बऱ्याच अंशी घरच्यांच्या आधाराबद्दल जोडीदाराचं समाधान वाढल्यामुळे, आणि रुग्णाच्या वागण्याने आधीइतका जीव वैतागत नसल्यामुळे.

आधारगटात काय घडतं

बाहेरच्याला वाटतं, चार दुःखी माणसं एकत्र येऊन रडत असतील. चांगला गट तसा नसतो. आठ-दहा जण, दीडेक तास, ठरलेला वार. चालवणारी व्यक्ती सुरुवातीलाच सांगते, की इथलं बोलणं इथेच राहील आणि विचारल्याशिवाय कुणी कुणाला सल्ला देणार नाही. हा दुसरा नियम फार मोलाचा, कारण सल्ल्यांना ही माणसं आधीच कंटाळलेली असतात.

मग कधीतरी कुणी खाली बघत म्हणतं, 'परवा माझा हात उगारला गेला त्यांच्यावर.' खोलीत कुणीही दचकत नाही. समोरची बाई नुसती मान हलवते. गट चालवणारी विचारते, 'त्याच्या आदल्या रात्री झोप किती झाली होती?' आणि बोलणं अपराधापासून झोपेकडे, झोपेपासून रात्रपाळी कोण करू शकेल याकडे येतं. जे नवऱ्याला, बहिणीला, मैत्रिणीला सांगता येत नाही ते इथे सांगता येतं, कारण ऐकणाऱ्यांनी तेच भोगलेलं असतं. 'हे सगळं आता संपावं' असं मनात येणं आणि त्या माणसावर प्रेम असणं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हेही कुणी समजावून न सांगता तिथे उमगतं.

नेदरलँड्समध्ये बेरे मिसेन यांनी १९९७ साली लायडनला 'अल्झायमर कॅफे' सुरू केला. रुग्ण आणि घरचे दोघंही येतात, थोडी माहिती, थोडी ओळखपाळख, थोडं गाणं. ही कल्पना पुढे अनेक देशांत गेली. आजार लपवून घरात कोंडून घेतलेल्या कुटुंबाला चारचौघांत पुन्हा बसता येणं, एवढ्यासाठीही तिथे जावं.

सगळंच उपयोगी पडतं असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये २३६ काळजीवाहकांच्या एका अभ्यासात त्यांची एखाद्या स्वयंसेवकाशी मैत्री जोडून द्यायची सोय केली होती. कल्पना गोड, पण मनःस्थितीत फरक पडला नाही, आणि निम्म्याच्या आसपास लोकांनी ती सोय घेतलीच नाही. थकलेल्या माणसाला आणखी एका पाहुण्याचं आगतस्वागत नको असतं, असं मला वाटतं. नुसत्या माहितीच्या व्याख्यानांचंही तसंच. ज्ञान वाढतं, ताण फारसा उतरत नाही.

उसंत

काही तास रुग्णाची जबाबदारी दुसऱ्याने घेणं, म्हणजे विसाव्याची सोय. दिवसभराचं केंद्र, घरी येऊन बसणारा प्रशिक्षित माणूस, किंवा आठवडाभर रुग्णाला ठेवून घेणारी संस्था. लोक हीच सोय सर्वांत जास्त मागतात आणि वापरतात मात्र अगदी उशिरा. झॅरिट यांच्याच १९९८ मधल्या अभ्यासात, आठवड्यातून किमान दोन दिवस, असं सलग तीन महिने रुग्णाला दिवसाच्या केंद्रात पाठवणाऱ्यांचा ताण, नैराश्य आणि चिडचिड कमी झालेली दिसली. 'दोन दिवस' आणि 'तीन महिने' हे महत्त्वाचं. वर्षातून एकदा मिळालेल्या सुट्टीत माणूस फक्त झोपतो, आणि परत आल्यावर साचलेलं काम उपसत बसतो. ठरलेल्या वारी मिळणारे चार तास त्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण त्यांच्या भरवशावर काही आखता येतं.

पहिल्या आठवड्यात रुग्ण कुरबूर करणार, नवीन जागी बावरणार, आणि घरचा माणूस 'नको, मीच बघते' म्हणत त्याला परत घेऊन येणार, हे जवळपास ठरलेलं. केंद्रातल्या लोकांना हे माहीत असतं. म्हणून चांगली केंद्रं सुरुवातीला तासाभरासाठी, तेही घरच्या माणसासकट बोलावतात आणि वेळ हळूहळू वाढवतात.

निवड करताना

जवळपास काय आहे याची चौकशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात किंवा त्या त्या आजारासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे करावी. विचारताना 'काही मदत मिळेल का' असं मोघम विचारू नका. उत्तरही मोघमच येतं. त्याआधी एका आठवड्याची नोंद ठेवा: किती वेळा झोपमोड झाली, कुठल्या कामाला सर्वांत जास्त वेळ गेला, कशाने रडू किंवा राग आला. झोप हा प्रश्न असेल तर आधारगटाने तो सुटणार नाही, रात्रीचा माणूस लागेल. रुग्णाच्या वागण्याचा प्रश्न असेल तर शिकवणारा कार्यक्रम बघा. भावंडांशी वाजत असेल तर कौटुंबिक समुपदेशन. आणि कुणाशी बोलायलाच मिळत नसेल, तर गट.

कार्यक्रमालाही प्रश्न विचारा. माझं ऐकून घेऊन त्याप्रमाणे काही बदलता का, की सगळ्यांना एकच पाठ? मी गटाला येईन तेव्हा घरी रुग्णाजवळ कोण बसेल? भेटी संपल्यावर फोन करता येईल का? रुग्णाजवळ कोण बसेल, या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे नाही, त्यांचा वर्ग बहुधा अर्धा रिकामा असतो. घराबाहेर पडणं अशक्यच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा 'आय-सपोर्ट' हा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठीचा २३ धड्यांचा अभ्यासक्रम आहे. घरी बसून, आपल्या सवडीने करता येतो. मात्र एकट्याने सुरू केलेलं मध्येच सुटतं, म्हणून ओळखीचा आणखी एक काळजीवाहक बरोबर घ्या.

काही वेळा कार्यक्रमाची वाट पाहायचीच नसते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, रुग्णाला मारहाण होऊ लागली असेल, झोपेसाठी दारूचा किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि घरातल्या एका तरी माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा.

आणखी एक गोष्ट बहुतेक कार्यक्रम विसरतात. रुग्ण गेला की शुश्रूषा संपते, आणि त्याच दिवशी आधारही बंद होतो. वर्षानुवर्षं ज्याच्या औषधांच्या वेळांवर घड्याळ चाललं, तो नसताना सकाळी उठून करायचं काय, हे त्या माणसाला कळत नाही. मिटलमन यांच्या कार्यक्रमात जोडीदार गेल्यानंतरही समुपदेशकाचा फोन चालू राहत असे, आणि तो आधार मिळालेल्यांना मागाहून नैराश्याचा त्रास कमी झाला. गट निवडताना हेही विचारून ठेवावं: आमचं माणूस गेल्यावरही मला इथे येता येईल का?